स्तनचित्रणाची परिभाषा आणि वाचकांचे एकमत

१९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जोआन एल्मोर प्रभृतींनी अमेरिकेतील १० क्ष-किरणतज्ज्ञांना १५० स्त्रियांची स्तनचित्रे वाचावयास दिली, तेव्हा त्यांच्या निर्णयांत मोठी तफावत आढळली. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिऑलॉजीने १९९३ साली सिद्ध केलेली ‘बाय-रॅड्स’ ही परिभाषा अशाच विसंवादावरील उपाय होय. मात्र शब्द एक झाले म्हणजे दृष्टीही एक झाली, हे गृहीत सदोष आहे. गाठीची कडा ‘झाकलेली’ म्हणावी की ‘अस्पष्ट’, हा भेद पाहावा. डोळ्यास दोन्ही पुसटच. परंतु पहिलीवर शेजारचे ऊतक आलेले असते, तर दुसरी मुळातच पुसट व म्हणून संशयास्पद. ही विशेषणे वरकरणी रूपाची वाटली तरी कारण सांगतात, आणि कारण काही व्याख्या पाठ करून दिसू लागत नाही.

वेंडी बर्ग प्रभृतींच्या २००२ च्या अभ्यासात प्रशिक्षणानंतर अनुभवी तज्ज्ञांशी जुळणी सुधारली, हे खरे. पण एकमताचे माप फसवे असते. चौथ्या वर्गात कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांच्या वर व ९५ टक्क्यांच्या आत कोठेही असू शकते. एवढ्या ऐसपैस शब्दावर एकमत होण्यास फारसे सायास लागत नाहीत. (२००३ साली त्याचे तीन पोटवर्ग केले गेले, ते उगीच नव्हे.) खरी कसोटी तिसऱ्या व चौथ्या वर्गांच्या सीमेवर लागते. त्या स्त्रीच्या वाट्यास अलीकडे सहा महिन्यांनी फेरतपासणी येते, पलीकडे सुईने ऊतक काढणे. प्रशिक्षणात नेमकी या सीमेवरची चित्रे, ऊतकपरीक्षेच्या वा पुढील तपासण्यांच्या निष्कर्षांसह, वारंवार वाचावयास दिली पाहिजेत.