'सत्तरां'चा शब्द जपून वापरावा

आपल्या लोकांच्या लेखांत, भाषणांत 'सेप्टुआजिंट' हा शब्द अधूनमधून भेटतो. कोणी त्याचा अर्थ 'ख्रिस्ती लोकांचे बायबल' असा करतो, कोणी साऱ्या ग्रीक तनाखला ते नाव देतो, तर कोणी कौतुकाने म्हणतो, "मराठी हगादा म्हणजे आपले सेप्टुआजिंटच!" हे तिन्ही वापर तपासून घेण्याजोगे आहेत.

लॅटिन भाषेत 'सेप्टुआजिंटा' म्हणजे सत्तर. टॉलेमी राजाने यरुशलेमहून प्रत्येक वंशातले सहा, असे ७२ वडील अलेक्झांड्रियात बोलावले, अशी कथा 'अरिस्तेयसाच्या पत्रा'त आहे. बोलण्याच्या सोयीसाठी ७२ चे ७० झाले. पण त्या कथेतले भाषांतर फक्त तोराच्या पाच पुस्तकांचे आहे. यशया, स्तोत्रे वगैरे पुस्तके पुढे वेगवेगळ्या हातांनी ग्रीकमध्ये आली आणि तेच नाव साऱ्यांना चिकटले. १९३५ साली राल्फ्स या जर्मन पंडिताने याच नावाने छापलेला ग्रंथ अनेक जुन्या हस्तलिखितांवरून सिद्ध केलेला आहे. म्हणून "सेप्टुआजिंटमध्ये असे लिहिले आहे" एवढ्याने भागत नाही. कोणते पुस्तक, कोणती प्रत, हेही सांगावे. औषधाच्या बाटलीवर नुसते नाव असून चालते का?

ते ख्रिस्ती लोकांचे, हे म्हणणे तर उलटेच आहे. त्यांनी ते नंतर स्वीकारले. मुळात ते केले यहुद्यांनी, यहुद्यांसाठी. कारण अलेक्झांड्रियातल्या आपल्या लोकांची घरची भाषा ग्रीक झाली होती. त्या काळी ग्रीक कुठवर पोहोचली होती! मी राहते ते मिरकाब कुवेत शहरात आहे. तेथून समुद्रात सुमारे २० किलोमीटरवरच्या फैलाका बेटावर १९६० साली डॅनिश संशोधकांना ग्रीक शिलालेख सापडला. फायलो लिहितो की, या भाषांतराच्या आनंदाप्रीत्यर्थ फारोस बेटावर दरवर्षी सण होई. पुढे मात्र त्याच भाषांतराच्या दुःखासाठी तेवेत महिन्याच्या ८ तारखेचा उपवास सांगितला गेला. तो सणही आपला, तो उपवासही आपलाच.

राहिला हगादा. ती उपमा गोड आहे, पण खरी नाही. अलेक्झांड्रियात ग्रीक तोरा स्वतःच्या पायावर उभी राहिली. फायलोसारखा विद्वानही तिच्यावरच विसंबला. मुंबईचा १८४६ चा आणि पुण्याचा १८७४ चा हगादा मात्र तसा नाही. त्यांत हिब्रूही आहे आणि मराठीही. मराठीने हिब्रूची जागा घेतली नाही, तिला हात दिला.

हा भेद आज महत्त्वाचा आहे. आपली नातवंडे हिब्रू भराभर वाचतात आणि माळ्यावरचा मराठी हगादा म्हणजे हिब्रू सोडून दिलेल्यांचे पुस्तक, असे त्यांना वाटू शकते. आपणच त्याला सेप्टुआजिंट म्हटले, तर त्या समजाला खतपाणी मिळेल. आपल्या पूर्वजांनी हिब्रू सोडली नव्हती. ती कळावी म्हणून शेजारी मराठी मांडली होती.

तेव्हा ग्रीक तोराला खुशाल 'सत्तरांचे भाषांतर' म्हणावे. मराठी हगाद्याला 'मराठी हगादा' हेच नाव पुरेसे आहे. यंदाच्या पेसाहाला तो माळ्यावरून काढून हिब्रू हगाद्याच्या शेजारी ठेवावा, म्हणजे मुलांना अधिक समजावून सांगावे लागणार नाही.