बदलता संच आणि गाण्याचे स्वत्व : ‘पिक्सीज’ या रॉक बँडच्या संदर्भात

प्रास्ताविक :

मराठी नाट्यरसिकाला ‘नव्या संचात’ हे शब्द अपरिचित नाहीत. जाहिरातीत ते वाचून प्रयोगाला जाणारा प्रेक्षक आपण काय पाहणार आहोत हे जाणून असतो. संहिता तीच राहणार, नट बदलणार. १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधील नट पुढे बदलत गेले, तरी ते तेंडुलकरांचेच नाटक राहिले. रॉक संगीतात मात्र संहिता आणि नट असा स्वच्छ भेद करता येत नाही. गाणे रचणारे, वाजवणारे आणि गाणारे बहुधा एकच असतात, आणि श्रोत्याच्या मनात गाणे वसते ते त्यांच्या विशिष्ट आवाजासह. अशा वेळी चारांपैकी एक व्यक्ती बदलली आणि नाव तेच राहिले, तर श्रोता नेमके काय ऐकत असतो? ‘पिक्सीज’ या अमेरिकन बँडच्या वाटचालीच्या आधारे या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१. पार्श्वभूमी :

‘पिक्सीज’ची स्थापना १९८६ साली बोस्टन येथे झाली. गायक व गीतकार ब्लॅक फ्रान्सिस, गिटारवादक जोई सँटियागो, बास गिटार वाजवणारी व गाणारी किम डील आणि ड्रमवादक डेव्हिड लव्हरिंग हा त्यांचा मूळ संच. ‘सर्फर रोझा’ (१९८८), ‘डूलिटल’ (१९८९), ‘बोसानोव्हा’ (१९९०) आणि ‘ट्रॉम्प ल मोंद’ (१९९१) हे त्यांचे पहिल्या कालखंडातील प्रमुख अल्बम होत. दबक्या आवाजातील कडवे आणि एकाएकी उसळणारे ध्रुवपद ही त्यांची रचनापद्धती पुढच्या पिढीने उचलली. ‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेनने आपल्या सर्वात गाजलेल्या गाण्यावरील हे ऋण १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या मुलाखतीत मोकळेपणाने मान्य केले होते. १९९३ मध्ये हा बँड फुटला आणि २००४ मध्ये मूळ चौघे पुन्हा एकत्र आले. पुढे वेल्समध्ये नव्या ध्वनिमुद्रणाचे काम सुरू असताना किम डील बाहेर पडली.

२. एका आवाजाची जागा :

डीलचे स्थान बासवादकाचे होते, एवढेच म्हटल्यास वस्तुस्थिती अपुरी मांडली जाते. फ्रान्सिसचा किंचाळणारा, ताणलेला स्वर आणि त्याच्यामागचा डीलचा शांत, काहीसा अलिप्त स्वर यांच्या विरोधातून या बँडचा परिणाम घडत होता. ‘व्हेअर इज माय माइंड?’ या गाण्यातील तिचा शब्दहीन आलाप याचे ठळक उदाहरण होय. ‘सर्फर रोझा’ ध्वनिमुद्रित करताना स्टीव्ह अल्बिनी यांनी स्टुडिओच्या स्नानगृहातील घुमाऱ्याचाही उपयोग करून घेतला होता. त्याच अल्बममधील ‘जायगँटिक’ हे गाणे तिने फ्रान्सिससह रचले व स्वतः गायले. मात्र अल्बमवर तिचे नाव आहे ‘मिसेस जॉन मर्फी’. हे नाव तिने स्वतःच उपरोधाने घेतले होते. पण आज मागे वळून पाहता त्या विनोदाला कडवट छटा येते.

‘बोसानोव्हा’ आणि ‘ट्रॉम्प ल मोंद’ या अल्बममध्ये तिची रचना आढळत नाही. याच काळात तिने ‘द ब्रीडर्स’ हा स्वतंत्र बँड उभा केला. २००४ च्या पुनर्मीलनानंतर ‘पिक्सीज’ने प्रकाशित केलेले पहिले नवे स्वरचित गाणे ‘बॅम थ्वॉक’ होते आणि ते डीलचे होते, ही बाब लक्षात घेण्याजोगी आहे.

३. रिकामी जागा आणि तिच्या वारसदार :

डीलनंतर २०१३ मध्ये ‘द मफ्स’ची किम शॅटक दौऱ्यावर गेली, काही महिन्यांतच तिला दूर करण्यात आले. त्यानंतर पाझ लेन्चंटिन आली. ती सुमारे दहा वर्षे राहिली. २०२४ मध्ये तीही गेली आणि ‘बँड ऑफ स्कल्स’ची एमा रिचर्डसन आली. तीन पुरुष कायम आणि चौथ्या जागेवर एकामागून एक चार स्त्रिया, असे हे चित्र आहे. बास वाजवणारी आणि मागून गाणारी स्त्री हे एक पद ठरले आणि त्या पदावर नेमणुका होऊ लागल्या, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त ठरू नये. मूळ व्यक्तीच्या स्वभावातून जे घडले होते, त्याचे रूपांतर भूमिकेत झाले.

या दृष्टीने ‘हेड कॅरिअर’ (२०१६) या अल्बममधील ‘ऑल आय थिंक अबाउट नाऊ’ हे गाणे महत्त्वाचे ठरते. ते लेन्चंटिनने गायले असून त्याचे शब्द फ्रान्सिसने डीलप्रती कृतज्ञता म्हणून लिहिले. त्याची चाल ‘व्हेअर इज माय माइंड?’ची आठवण करून देते. म्हणजे गेलेल्या व्यक्तीला उद्देशून लिहिलेले पत्र तिच्या जागी आलेली व्यक्ती तिच्याच गाण्याच्या छायेत वाचून दाखवते. गाणे हृद्य आहे, यात शंका नाही. तथापि लेन्चंटिनला मिळालेल्या या ठळक संधीतही तिने दुसऱ्याच व्यक्तीविषयी गावे, यातील विसंगती नजरेआड करता येत नाही.

४. आक्षेपांचा विचार :

येथे दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की मुख्य गीतकार आणि चारांपैकी तिघे कायम असताना नावाच्या अधिकाराविषयी शंका घेणे अन्यायाचे आहे. हा आक्षेप बऱ्याच अंशी ग्राह्य आहे. बहुसंख्य गाणी फ्रान्सिसची आहेत आणि सँटियागोची गिटार आजही ओळखू येते.

दुसरा आक्षेप अधिक मार्मिक आहे. खुद्द डीलच्या ‘द ब्रीडर्स’चा संच तरी कोठे स्थिर होता? ‘पॉड’ (१९९०) आणि ‘लास्ट स्प्लॅश’ (१९९३) या दोन अल्बममध्ये वादक बरेच बदलले आहेत. परंतु हेच उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या मताला पुष्टी देते. तेथे नवी माणसे आली तसे संगीतही बदलले; जुन्या आवाजाची नक्कल करण्याचे ओझे त्यांच्यावर नव्हते. दोष संच बदलण्यात नाही. आलेल्या माणसाला गेलेल्या माणसाच्या मापाचे कपडे घालायला लावण्यात तो आहे.

समारोप :

बदललेल्या संचासह दौरा करणे ही फसवणूक आहे, असे मानण्याचे कारण नाही. जुनी गाणी प्रत्यक्ष ऐकण्याची श्रोत्याची ओढ खरी असते आणि वादकांचा निर्वाहही खरा असतो. मात्र अशा दौऱ्याचे मूल्यमापन करताना ‘आवाज पूर्वीसारखा लागला का?’ या प्रश्नावर थांबणे समीक्षेला शोभणारे नाही. नव्याने आलेल्या व्यक्तीला गाण्यात स्वतःचे काही ठेवण्याची मुभा मिळाली का, हा प्रश्न विचारला पाहिजे. रिचर्डसनच्या सहभागासह २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘द नाइट द झॉम्बीज केम’ हा अल्बमही याच कसोटीवर ऐकावा लागेल. गायनाच्या घराण्यात शिष्याने गुरूची गायकी घ्यावी, पण गळा स्वतःचा असावा, अशी अपेक्षा असते. रॉक बँडला घराणे म्हणता येणार नाही. तरीही चाळिशीकडे झुकलेल्या बँडला ही अपेक्षा लागू करण्यास हरकत नसावी. नाव टिकवणे तुलनेने सोपे आहे. त्या नावाखाली नव्या माणसाला जागा देणे कठीण, आणि बँड जिवंत आहे की नाही याचा निर्णय तेथेच होतो.