तुकडोजी महाराजांची खंजिरी : लय, श्वास आणि ग्रामआरोग्य

अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९-१९६८) भजनांची समीक्षा प्रामुख्याने आशयाच्या अंगाने झाली. खंजिरी मात्र साथीचे वाद्य म्हणून दुर्लक्षित राहिली. वस्तुतः या भजनाचा प्रभाव तिच्या ठेक्यापासूनच सुरू होतो. मुख्य गायक ओळ म्हणतो, समुदाय ती उचलतो. ओळ संपेपर्यंत सर्वांचा श्वास सुटत जातो आणि पुढील ओळीपूर्वी तो एकदमच घेतला जातो. उपदेश मनात उतरण्यापूर्वीच समूह शरीराने एक झालेला असतो.

या लयीस 'उपचार' म्हणावे काय? ल्युसियानो बर्नार्दी व सहकाऱ्यांच्या २००१ मधील संशोधनात जपमाळेची प्रार्थना व योगमंत्र यांच्या पठणाने श्वसन मिनिटास सुमारे ६ पर्यंत मंदावल्याचे आढळले. तथापि हा निष्कर्ष संथ पठणाचा आहे. गुरुकुंज मोझरीच्या सामुदायिक ध्यानाशी त्याची तुलना संभवते. खंजिरीच्या द्रुत भजनास तो जसाच्या तसा लावणे अशास्त्रीय ठरेल.

'ग्रामगीते'त ग्रामआरोग्याचा स्वतंत्र अध्याय आहे आणि तेथे भर स्वच्छता व आहार-विहारावर आहे. गाडगे महाराजही दिवसा गाव झाडून रात्री कीर्तन करीत. म्हणजेच वऱ्हाडच्या या परंपरेत लय माणसांना एकत्र आणते, परंतु आरोग्य त्यांच्या श्रमातून घडते. अमरावती-अकोल्याच्या भजनी मंडळांचे मूल्यमापन करताना ठेक्याबरोबर हे श्रमही तपासले पाहिजेत. अन्यथा खंजिरीचा गौरव होईल आणि तिचे प्रयोजन हरवेल.