मंडळी आली आहे की आली आहेत?

ग्रीक 'एक्लेसिया' या शब्दासाठी मराठी बायबलने 'मंडळी' हा शब्द घेतला. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातला हा मला सर्वांत धाडसी अनुवाद वाटतो. धाडस नजरेत भरत नाही, कारण शब्द अगदी घरातला आहे. घरची मंडळी, पाहुणे मंडळी, जेवायला बसलेली मंडळी. किर्लोस्करांनी 1880 मध्ये नाटकाचा संसार थाटला, तीही मंडळीच. कीर्तनकार श्रोत्यांना हाक मारतो तीही याच शब्दाने.

मी बेंगळुरूत राहते, आणि इथे या शब्दाचे शेजारी रोज कानांवर पडतात. कन्नडमध्ये 'सभे', तमिळमध्ये 'तिरुच्चबै', मल्याळममध्ये 'सभा'. हिंदीने 'कलीसिया' म्हणत मूळ ग्रीक शब्दच थोडा वळवून घेतला. वसईच्या कॅथलिक मराठीतही 'ख्रिस्तसभा' रूढ आहे. मुळाशी इमान राखायचे तर 'सभा' अधिक जवळची, कारण ग्रीक नगरात एक्लेसिया म्हणजे बोलावून भरवलेली नागरिकांची सभा. सभेला अध्यक्ष असतो, नियम असतात, आत-बाहेरची रेघ असते. मंडळीला यातले काहीच लागत नाही. ती जमते, आणि जमली की असते.

हा फरक नुसत्या चवीचा नाही. विल्यम टिंडेलने 1526 च्या इंग्रजी नव्या करारात 'चर्च' हा शब्द टाळून 'काँग्रिगेशन' वापरला, तेव्हा टॉमस मोरने त्याला पाखंडी ठरवताना या शब्दाचाही हिशेब मांडला. पुढे 1611 चे बायबल तयार करणाऱ्या पंडितांना नियमच घालून दिला होता की जुने 'चर्च' बदलायचे नाही. चर्च म्हणजे धर्माधिकाऱ्यांची उतरंड की जमलेली माणसे, हा सिद्धान्ताचा प्रश्न एका शब्दाच्या निवडीत अडकला होता. मराठीने तो प्रश्न 'मंडळी'च्या बाजूने सोडवला, आणि त्यावर फारसे भांडण झाले नाही.

शब्दाचे व्याकरणही गमतीचे आहे. 'मंडळी आली आहे' आणि 'मंडळी आली आहेत' ही दोन्ही वाक्ये मराठीत चालतात. पहिल्यात समूह एक, दुसऱ्यात माणसे अनेक. बायबलच्या मराठीत 'मंडळ्या' असे अनेकवचनही आहे. आशियातल्या सात मंडळ्या आपल्याला तिथेच भेटतात. म्हणजे एक मंडळी, अनेक मंडळ्या आणि अनेक माणसांची मंडळी या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात राहतात. ऐक्यावरच्या ठरावांना जे सांगायला पाने लागतात, ते इथे क्रियापदाच्या शेवटी ठरते.

हे ऐक्य कशाने बांधायचे, यावर मराठीत निदान तीन उत्तरे लिहिली गेली. पहिले पंडिता रमाबाईंचे. 1883 मध्ये वाँटेजला त्यांनी अँग्लिकन बाप्तिस्मा घेतला. सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार ए. बी. शहा यांनी संपादित केला आणि तो 1977 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात रमाबाई ख्रिस्त स्वीकारतात, पण त्याच्या नावाने येणारी प्रत्येक आज्ञा स्वीकारत नाहीत. ब्राह्मणी पुरोहितांचे जू उतरवून दुसऱ्या पुरोहितांचे मानेवर घ्यायचे कशाला, हा त्यांचा सवाल. क्रुसावरची अक्षरे लॅटिन का, संस्कृत का नकोत, असाही वाद त्या घालतात. भाषेचा हट्ट आणि मताचा हट्ट इथे वेगळे काढता येत नाहीत. केडगावला त्यांनी साध्या मराठीत केलेला बायबलचा अनुवाद त्यांच्या निधनानंतर 1924 मध्ये छापून आला. तो मला त्याच वादाचे शेवटचे पत्र वाटतो.

दुसरे उत्तर नारायण वामन टिळकांचे. 1917 मध्ये त्यांनी मिशनच्या नोकरीबाहेर पडून 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही जागा होती. कल्पना मोठी, पण शब्दाबद्दल मला तक्रार आहे. दरबारात माणसे राजाकडे तोंड करून उभी असतात, एकमेकांकडे नव्हे. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आलेल्या कवीला वारीतला एखादा शब्द का पुरला नाही? फड वेगळे, दिंड्या वेगळ्या, पण वाट एक, ही रचना त्यांना जन्मापासून ठाऊक होती. दोन वर्षांत टिळक गेले आणि दरबार पांगला.

तिसरे उत्तर लक्ष्मीबाईंचे, आणि ते मला सर्वांत खोल वाटते. ते सिद्धान्त म्हणून कुठे मांडलेलेच नाही. 1934 पासून चार भागांत आलेल्या 'स्मृतिचित्रे'त ते ताटावाटीतून उलगडते. टिळक 1895 मध्ये ख्रिस्ती झाले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई त्यांच्याजवळ राहायला आल्या, तेव्हाही त्यांचे सोवळे आणि त्यांची चूल वेगळी होती. हातचे पाणी आणि हातचे अन्न ही कुंपणे मोडल्यावर मग 1900 मध्ये बाप्तिस्मा झाला. म्हणजे मंडळीत त्या आधी पंगतीने गेल्या, मताने नंतर.

हा क्रम महत्त्वाचा आहे, कारण 'मंडळी' हा शब्द मी म्हटला तितका निरागस नाही. 'आपली मंडळी' म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आपल्या जातीची माणसे. नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झालेल्यांत महार आणि मांग समाजांतले लोक फार मोठ्या संख्येने होते. जुन्या अर्थाने ते ब्राह्मणांच्या मंडळीत कधीच मोजले गेले नसते. बायबलने तो शब्द उचलला तेव्हा त्याचा जुना अर्थही सोबत आला. शब्दाचाच बाप्तिस्मा व्हायला हवा होता, आणि ते काम 'स्मृतिचित्रे'ने हसतखेळत केले. पुस्तकाच्या सुरुवातीची मंडळी आणि शेवटची मंडळी ही एकाच शब्दाने ओळखली जाणारी दोन वेगळी घरे आहेत. जोसेफीन इंकस्टर यांचा इंग्रजी अनुवाद 1950 मध्ये आला, शांता गोखले यांचा 2017 मध्ये. पण दोन्ही घरांना पुरेल असा एक शब्द इंग्रजीकडे नाही. तिथे घरचे लोक वेगळे आणि चर्चचे लोक वेगळे.

कागदावरचे ऐक्य पुढे झाले. 27 सप्टेंबर 1947 ला चेन्नईत चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. 29 नोव्हेंबर 1970 ला नागपुरात सहा चर्चेसनी मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभे केले. बिशप हवेत की नकोत, बाप्तिस्मा तान्ह्या बाळाचा की जाणत्या माणसाचा, असे शतकांचे वाद त्यांनी एका छपराखाली आणले. नागपूरच्या चर्चने बाप्तिस्म्याच्या दोन्ही रीती मान्य केल्या. हे काम लहान नाही, आणि त्याची टिंगल करणाऱ्यांनी सिद्धान्तावरून माणसे किती काळ दुरावतात ते आठवावे. तरी जात, भाषा आणि जमीन यांवरून होणारी भांडणे त्या छपराखालीही शिल्लक राहिली. लग्न जुळवताना तर जुनी 'आपली मंडळी' हमखास डोके वर काढते.

पौलाच्या पत्रांत हे आधीच दिसते. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीतून उठतो, म्हणून पौल त्याला तोंडावर सुनावतो. करिंथात काहींचे पोट भरलेले आणि काही उपाशी, म्हणून ते भोजन प्रभूचे नव्हेच, असे तो बजावतो. मराठी प्रॉटेस्टंट ज्याला 'प्रभुभोजन' म्हणतात त्याची कसोटी त्याने मतपत्रिकेआधी ताटावर लावली. मराठीत 'मंडळी' आणि 'भोजन' हे शब्द आधीपासूनच शेजारी बसतात. म्हणून मराठी वाचकाला ही कसोटी भाष्याशिवाय कळावी. कोणी ठराव वाचून मंडळी एक झाल्याचे सांगितले, तर मी एवढेच विचारीन: मंडळी जेवायला एकत्र बसली का?