दाबलं खरं, पण कुठून? लोहाधारित अतिवाहकांवरच्या एका शोधनिबंधाचं परीक्षण

मंडळी, आज परीक्षणाला घेतलेला निबंध आपल्या शेजारचाच आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातले रंजन मित्तल, एस. एल. चपलोत आणि सहकारी यांनी तो 2011 साली 'फिजिकल रिव्ह्यू बी'मध्ये प्रसिद्ध केला. दोन संयुगं आहेत. दोन्हींत लोह आणि आर्सेनिकचे थर, आणि थरांच्या मध्ये एकात कॅल्शियम, दुसऱ्यात बेरियम. ती हिऱ्यांच्या चिमटीत धरून 56 गिगापास्कलपर्यंत दाबली. एक गिगापास्कल म्हणजे हवेच्या दाबाच्या साधारण दहा हजार पट!

दाबायची एवढी हौस का? 2008 साली जपानमध्ये होसोनोंच्या गटाला 26 केल्विनला अतिवाहक होणारं लोह-आर्सेनिकचं संयुग सापडलं. त्याच वर्षी ते दाबल्यावर आकडा 43 वर गेला. मग काय, जो तो दाबत सुटला.

आता कॅल्शियमवालं बघा. थंड करत गेलं की सुमारे 170 केल्विनला त्याच्या तळाची चौरस सममिती मोडते आणि लोहाची अणुचुंबकं उलटसुलट रांगांत उभी राहतात. या थंड अवस्थेत जेमतेम 0.35 गिगापास्कल दाब दिला, की स्फटिक उभ्या दिशेने साडेनऊ टक्के खचतो. वरखालच्या थरांतले आर्सेनिक एकमेकांना धरतात, आणि चुंबकत्व जातं. 2008 मध्येच बातमी आली, की दाबाखाली हे संयुग 12 केल्विनच्या आसपास अतिवाहक होतं. चुंबकत्व गेलं, अतिवाहकता आली. गोष्ट कशी छान जुळली.

पण 2009 मध्ये हाच प्रयोग हेलियममध्ये झाला आणि अतिवाहकता दिसलीच नाही. आधीच्या प्रयोगातला द्रव थंडीत गोठून घट्ट होत होता. त्यात स्फटिक एकाच दिशेने खचला, की दाब सगळीकडून सारखा कसा राहणार? डोंबिवलीच्या फास्ट लोकलच्या दारात उभं राहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. अशा तिरप्या दाबात वेगवेगळ्या अवस्थांची सरमिसळ उरते. मला आवडलं ते हे, की पॉल कॅनफिल्ड या दोन्ही निबंधांच्या लेखकांत आहेत. आपलीच बातमी तपासायला निघणारी माणसं थोडी असतात.

ट्रॉम्बेच्या निबंधाचं बळ दुसरीकडे आहे. खोलीच्या तापमानाला कॅल्शियमवालं 1.7 गिगापास्कलला खचतं, बेरियमवालं 26 ला. आकड्यांत केवढी तफावत! पण खचतेवेळी दोन्हींचं एकक कोष्ठाचं आकारमान जवळजवळ सारखं भरतं. बेरियमचा अणू मोठा, म्हणून तिथे जास्त दाबावं लागतं, इतकंच. म्हणजे बघायचं ते आकारमान. दाब हे तिथवर पोचायचं भाडं. माझ्या मते निबंधातलं हे सर्वात मोलाचं वाक्य आहे, आणि ते आकड्यांच्या गर्दीत थोडं हरवलंय.

आक्षेप एकच. क्ष-किरणांच्या या मोजणीतून अणू कुठे बसलेत ते कळतं. लोहाचं चुंबकत्व कुठल्या दाबाला गेलं, ते त्यातून दिसत नाही. त्यासाठी न्यूट्रॉन लागतात, आणि त्यांना नमुना मोठा लागतो; हिऱ्यांच्या चिमटीत मावतो तो कण. त्यामुळे 26 हा आकडा वाचून कुणी 'इथे चुंबकत्व संपलं, इथून अतिवाहकता सुरू' असं जोडू नये. बेरियमच्या संयुगात दाबाखालची अतिवाहकता थोड्याच गिगापास्कलला, खचण्याच्या खूप आधी दिसलेली आहे.