कार्नोचा धबधबा

वाफेच्या इंजिनात कोळशाची सगळी उष्णता कार्यात का बदलत नाही? वर्गात हा प्रश्न आला की बहुधा उत्तर मिळते, ‘घर्षणामुळे.’ हे उत्तर अपुरे तर आहेच, शिवाय ते मूळ मुद्दा झाकून टाकते. घर्षण शून्य केले, गळती बंद केली, तरी एक मर्यादा उरतेच. ती प्रथम दाखवली सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने, १८२४ साली पॅरिसमध्ये छापलेल्या ‘अग्नीच्या चालकशक्तीविषयी विचार’ या लहानशा पुस्तकात.

या पुस्तकात बीजगणित बहुतेक तळटीपांत आहे. मुख्य मजकूर चालतो तो युक्तिवादावर. नुसती उष्णता असून भागत नाही, ती उष्ण वस्तूकडून थंड वस्तूकडे जायला हवी, असे कार्नो म्हणतो आणि धबधब्याची उपमा देतो. पाणी उंचावरून पडते तसे हे तापमानाचे ‘पडणे’. इंजिनात वाफ वापरा की हवा, आदर्श इंजिनाची मर्यादा दोन तापमानांवरच ठरते. त्याहून सरस इंजिन असते, तर त्याच्या जोरावर आदर्श इंजिन उलटे चालवून फुकटचे कार्य मिळाले असते! इतका स्वच्छ युक्तिवाद आपल्या क्रमिक पुस्तकांत क्वचितच भेटतो.

मात्र ही उपमा एका ठिकाणी फसते, आणि शिक्षकाने नेमके तिथेच थांबावे. कोयनेचे जेवढे पाणी पोफळीच्या टर्बाइनमध्ये शिरते तेवढेच बाहेर पडते. उष्णतेचे तसे नाही. १०० जूल उष्णता घेऊन इंजिनाने ३० जूल कार्य केले, तर थंड बाजूला ७० जूलच पोचतात. कार्नो मात्र उष्णतेला ‘कॅलरिक’ नावाचा न घटणारा पदार्थ मानून १०० च पोचवतो. ही चूक क्लाउसियसने १८५० मध्ये दुरुस्त केली आणि कार्नोचा निष्कर्ष तसाच ठेवला. कार्नो स्वतः १८३२ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, पटकीने गेला. त्याने कॅलरिकची कल्पना सोडून दिली होती, हे १८७८ मध्ये छापलेल्या त्याच्या टिपणांवरून दिसते.

आकडेच घ्या. वाफ ५४० अंश सेल्सियस, परिसर ३० अंश; म्हणजे ८१३ आणि ३०३ केल्विन. या दोन तापमानांत आदर्श इंजिनाची कार्यक्षमता सुमारे ६३ टक्के. उरलेल्या ३७ टक्क्यांचा दोष तेलपाण्याला किंवा मेकॅनिकला देता येत नाही.

आपली पुस्तके ‘ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता’ एवढे सांगून पुढे जातात. मग समुद्राच्या प्रचंड उष्णतेवर जहाज का चालू नये, असे एखाद्या मुलीने विचारले तर? (वरच्या आणि खोल पाण्यातील सुमारे २० अंशांच्या फरकावर वीज काढता येते, पण तिथेही कामाला येतो तो फरकच.) हा प्रश्न अकरावीच्या वर्गात मुद्दाम टाकावा आणि मग कार्नोच्या पुस्तकाचा सुरुवातीचा भाग वाचायला द्यावा. थर्स्टनने १८९० मध्ये संपादित केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर उपलब्ध आहे. मराठीत निदान एवढा भाग तरी कोणीतरी आणायला हवा.