मनगटावरचा हवामहल

लग्नात जावयाला एचएमटीचं घड्याळ द्यायचं, असा एके काळी आपल्याकडे शिरस्ताच होता. त्यातल्या एकाचं तर नावच ‘जनता’! सकाळी किल्ली दिली की ते बिचारं दिवसभर चालायचं आणि विचारलं तर वेळ सांगायचं. त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा नसे. जावयाकडूनही नसे.

आणि आता हे बघा. २०२५ साली टायटननं ‘जलसा’ नावाचं घड्याळ काढलं. नग फक्त १०. किंमत ४० लाख ५० हजार. (वरचे पन्नास हजार पट्ट्याचे असावेत.) कल्पना जयपूरच्या हवामहलाची, संगमरवरावर शाकिर अली यांनी हातानं रंगवलेलं लघुचित्र, आणि आत टूरबियाँ. टूरबियाँ म्हणजे घड्याळाचं काळीज एका पिंजऱ्यात घालून सतत फिरतं ठेवायचं. ब्रेगे नावाच्या कारागिराला त्याचं पेटंट १८०१ साली पॅरिसला मिळालं. खिशातलं घड्याळ दिवसभर उभंच्या उभं राहतं, गुरुत्वाकर्षण त्याला एकाच बाजूला ओढतं. त्यावरचा हा उतारा. पण मनगट एका जागी ठरतं कुठे? आणि आपली माणसं तर हातवारे केल्याशिवाय भाजीचा भावसुद्धा विचारत नाहीत!

शाकिर अलींच्या कुंचल्याशी माझं भांडण नाही. एवढ्याशा जागेत राजवाडा बसवणाऱ्या हाताला नमस्कारच करावा. भांडण आहे ते हवामहलाशी. सवाई प्रतापसिंहानं १७९९ मध्ये तो बांधला, पाच मजले आणि ९५३ खिडक्या, कशासाठी? तर राण्यांना रस्त्यावरची मिरवणूक दिसावी, पण राण्या कुणाला दिसू नयेत यासाठी. तोच महाल मनगटावर चढला आणि सगळं उलटं झालं. आता मिरवणूक मनगटाची, आणि बघायचं रस्त्यानं! (जयपुरात वेळ सांगणारी इमारतच हवी होती तर जंतरमंतर जवळच होतं. तिथल्या सम्राट यंत्राची सावली दोन सेकंदांपर्यंतचा हिशेब देते, आणि तिला किल्ली द्यावी लागत नाही.)

हल्ली भारी घड्याळांच्या तबकडीवर मीनाकाम करतात, त्याचंही तेच. जयपूरच्या जुन्या दागिन्यात पुढून कुंदन आणि मीना मागच्या बाजूला, अंगाला लागून. आधी सोनं कोरायचं, खळग्यांत रंग भरायचे, भट्टीत घालायचं. ज्याला जास्त आच सोसते तो रंग आधी. म्हणजे पांढरा पहिला आणि नाजूक तांबडा शेवटी. एवढा खटाटोप कुणासाठी? जी घालते तिच्यासाठी, आणि फार तर मागून फासा बांधणाऱ्या बाईसाठी. पाहुण्यांना त्या पोपटांचा पत्ताच नाही! ही श्रीमंती मला चाळीस लाखांहून मोठी वाटते.

गंमत म्हणजे हे स्विस लोकांना जमून गेलं होतं. हिंदुस्थानात पोलो खेळणाऱ्या साहेबांच्या घड्याळांच्या काचा फुटायच्या, म्हणून जेजे-लकूल्त्र कंपनीनं १९३१ मध्ये ‘रिव्हर्सो’ काढलं. खेळताना तबकडी आत फिरवायची, पाठ बाहेर. आणि त्याच दशकात अशा एका पाठीवर मीनाकामात हिंदी राणीचं चित्र काढलं गेलं. वेळ बघायची झाली की राणीसाहेब पुन्हा पडद्यात!

तेव्हा यापुढे कुणी असलं घड्याळ कौतुकानं दाखवायला आणलं, तर मी ते आधी उलटं करून बघणार. वेळ काय, भिंतीवर दिसतेच.